आईच्या फोनचं कुलूप

आईचा फोन उघडेना तेव्हा, खरं सांगायचं तर, मला आधी बरंच वाटलं. फोन बिघडला नव्हता. बॅटरी पार उतरून तो बंद पडला, चार्जरला लावल्यावर पुन्हा सुरू झाला, आणि मग आईचा अंगठा मानायलाच तयार होईना. आधी नंबर टाका म्हणे. चार आकड्यांचा तो नंबर आईनंच कधीतरी स्वतःच्या हातानं टाकलेला होता आणि आता तिला तो काही केल्या आठवत नव्हता. आत माझ्या धाकट्या बहिणीच्या पोरीचे फोटो होते, अगदी जन्मापासूनचे. आईकडे त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

बरं वाटलं, कारण त्या फोटोंनी मला माझ्याच घरात पाहुणी करून टाकलं होतं. जबलपूरला राइट टाउनात आमचं घर आहे. खाली आई आणि मी, वर एक भाडेकरू कुटुंब. मी शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही, त्याची कारणं आता कुणी विचारतही नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या, गुडघ्यांना तेल, डॉक्टर, बँक, गॅस, सगळं माझ्याकडे. धाकटी पुण्याला असते. ती रोज सकाळी पोरीचा एक फोटो पाठवते, संपलं तिचं काम. आणि आई दिवसभर त्या एका फोटोवर जगते. "पाहिलं का, आज दोन शेंड्या घातल्या." मी पाहिलेलं असायचं. भाजी चिरायला बसले की पुन्हा, "पाहिलं का?" मी हो, छान म्हणायची आणि उठून स्वयंपाकघरात जायची.

माझा जळफळाट व्हायचा. एका पाच वर्षांच्या पोरीवर पन्नाशी उलटलेल्या बाईनं जळावं हे शोभत नाही, एवढं मला कळतं. पण शोभत नाही म्हणून पोटातली आग विझते थोडीच! आणि पोरीचं तर निमित्त होतं. मी जळत होते तिच्या आईवर, आणि ते काही आजकालचं नव्हतं.

धाकटी गोरीपान, मी सावळी. लहानपणी शाळेत निघताना आई काजळाची डबी काढायची आणि धाकटीच्या गालावर, कानाच्या जरा पुढं, बोटानं एक तीट लावायची. मी दप्तर घेऊन शेजारीच उभी असायची. एकदा मीही गाल पुढं केला. आईनं हसून डबी बंद केली. म्हणाली, "तुला काहून? तुला कोण दृष्ट लावते?" तिच्या मनात काही नव्हतं, सकाळची घाई होती. पण मी मागच्या अंगणात गेले, शेगडीतला विझलेला कोळसा घेतला आणि स्वतःच गालावर ठिपका काढून शाळेत गेले. बाईंनी वर्गात पाय ठेवताच तोंड धुऊन यायला सांगितलं.

भाची उशिरा झाली. धाकटीच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, डॉक्टर झाले, औषधं झाली, देवधर्म झाला. आईनं नर्मदेला चुनरी चढवायचा नवस बोलला. पोर झाल्यावर तो नवस फेडायला आईला तिलवाऱ्याला कुणी नेलं? मीच. स्कूटरवर मागं बसवून, तिच्या मांडीवर लाल चुनरीची घडी. घाटावर आई हात जोडून कितीतरी वेळ काय काय मागत होती, आणि ते सगळं पुण्याच्या पोरीसाठी होतं. मी पायरीवर बसून दोघींच्या चपला सांभाळत होते.

अशी नवसाची पोर, तर तिला जपणंही तसंच. फोनवर सारखी विचारणा यायची, फोटो वर साठवायचे का. आईनं वरच्या भाडेकरणीला विचारलं, वर म्हणजे कुठं? ती हसून म्हणाली, "आंटी, कंपनी के पास. इंटरनेट पे."

"तो वहाँ के लोग देखेंगे?"

"पता नहीं आंटी, देखते भी होंगे."

झालं. आईनं तिला ते तिथल्या तिथं बंद करायला लावलं. कोण कुठले लोक आपल्या नातीचे फोटो चाळून राहिले आहेत, हा विचारच तिला सहन होईना. दृष्ट लागायला माणूस समोर असावाच लागतो असं थोडंच आहे, म्हणे. मी तेव्हा पोट धरून हसले होते.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. ओळखीच्या मराठी घरांतल्या बायका आल्या, फोन या हातातून त्या हातात फिरला. किती गोड गं, डोळे तर पहा, आजीवर गेली. त्याच संध्याकाळी धाकटीनं कळवलं, पोरीला ताप भरला. आईनं मूठभर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या, फोनमध्ये पोरीचा फोटो मोठा केला, फोन पाटावर ठेवला आणि त्याच्यावरून दृष्ट काढली. मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या तसा सगळ्या घराला ठसका लागला. वरची भाडेकरीण तोंडाला ओढणी लावून धावत खाली आली. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती, असं एरवी आईच सांगते. त्या दिवशी म्हणाली, मिरच्या जरा जास्त पडल्या.

खाली आलीच आहे तर तिच्याकडून आईनं फोनला कुलूप लावून घेतलं. नंबर मात्र पदराआड फोन धरून स्वतःच टाकला. तिला दाखवला नाही आणि मलाही नाही. "बायका फार चाळतात," एवढंच म्हणाली. तेव्हापासून आई अंगठ्यानं फोन उघडायची, मला फोटो दाखवायची, पण फोन आपल्याच हातात ठेवायची. माझं पाहून व्हायच्या आत मागं घ्यायची. मला वाटलं, नातीचा फोटो दाखवायलाही आता हात आखडता घेते.

आणखी एक गोष्ट होती. शाळेत जायला मी स्कूटर काढून फाटक लावत असले की आई व्हरांड्यातल्या खुर्चीवरून फोन माझ्याकडे रोखते, असं मला अधूनमधून वाटायचं. "काय करून राहिली?" असं विचारलं की म्हणायची, "काही नाही, टाइम पाहून राहिली." भिंतीवर घड्याळ होतं. म्हणून फोन अडकला तेव्हा आईला नातीचे फोटो परत हवे होते, आणि मला एकदा आत डोकावून पाहायचं होतं की त्यात मी कुठं आहे का. एवढ्यासाठी मी त्या फोनच्या मागं लागले. नाहीतर मला काय पडलं होतं!

आईचं जेवणावरून मन उडालं होतं. पानात वाढलेलं तसंच राहायचं. मी तिला समजावून सांगितलं की चार आकड्यांचे दहा हजार नंबर होतात. आई म्हणाली, "मग टाकून पाहा नं एकेक. तू तर गणिताची आहे." पण फोन एवढा गरीब नव्हता. काही वेळा चुकलं की तो रुसून बसायचा आणि थोडं थांबा म्हणायचा, पुन्हा चुकलं की जास्त थांबा.

मी पहिल्यांदा भाचीची जन्मतारीख टाकली. माझी खात्रीच होती. नाही लागली. मग धाकटीची टाकली, मग धाकटीच्या लग्नाची. बाबांची टाकली, तेव्हा आई जरा आशेनं पुढं सरकली, पण तीही नाही. मग आई पाणी प्यायला आत गेली आणि मी माझी जन्मतारीख टाकली. लागली असती तर मी त्याच मिनिटाला पुण्याला फोन करून नंबर काय निघाला ते सांगणार होते. काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. नाही लागली. फोननं आता चांगलाच वेळ थांबायला सांगितलं आणि आतून आईनं विचारलं, "कोणता टाकला?" मी म्हटलं, असाच एक.

मग आम्ही कमानिया गेटला गेलो. तिकडे मोबाइलची दुकानं एकाला एक लागून आहेत. फोन मी एकटीनं नेते म्हटलं तर आई ऐकेना. पोरीचे फोटो परक्या माणसांच्या दुकानात सोडायचे नाहीत. ऑटोतून उतरून गर्दीतून तिला हाताला धरून नेलं, आणि ती दुकानातल्या स्टुलावर फोन पदराखाली धरून बसली. पहिल्या दुकानदारानं सांगितलं, "दीदी, लॉक तो अभी तोड़ दूँ, लेकिन अंदर का सब उड़ जाएगा." दुसरा जास्त हुशार निघाला. म्हणाला, "छोड़ जाइए. कल तक फोटो निकालकर दे देंगे. गारंटी."

आईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "निकालोगे तो देखोगे भी ना?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "देखना तो पड़ेगा माताजी."

आई उठून चालू लागली. मी त्याला सॉरी भैया म्हणून मागोमाग पळाले.

शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं नीट समजावलं. नंबर नाही तर फोटो नाहीत, चोराच्या हाती पडला तरी उघडू नये म्हणून फोन बनवतातच तसे. फोन रीसेट करता येईल, तो नव्यासारखा चालेल, पण आतलं सगळं जाईल. मी म्हटलं, अहो, फोनची मालकीण तुमच्यासमोर बसली आहे, तिचा अंगठा आहे, आधार कार्ड आहे, बिल आहे. ती म्हणाली, "मैम, फ़ोन को सिर्फ़ नंबर पता है." आईनं फोन पुन्हा पदराखाली घेतला आणि आम्ही घरी आलो.

मी धाकटीला फोन लावला. ती हसलीच. "अगं ताई, त्यात काय एवढं? मीच पाठवलेले फोटो ना ते? सगळे परत पाठवते. आई रडतेय का?" आमच्याकडचं 'रडून राहिली' तिच्या तोंडून केव्हाच गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक म्हणजे हे मला कसं सुचलं नाही, आणि दुसरं म्हणजे उन्हातान्हात हिंडले मी, ऑटोत आईला चढवलं-उतरवलं मी, आणि पुण्यात सोफ्यावर बसल्या बसल्या आईचं दुःख दूर केलं हिनं.

पण दूर झालं नाही. आईला सांगितलं तर तिनं नुसती मान हलवली.

"ते वेगळे."

"वेगळे कसे? तेच तर फोटो."

"तुला नाही समजायचं."

आता मात्र माझ्या मनानं घेतलं की फोनमध्ये काहीतरी आहे आणि ते आईला मला सांगायचं नाही. खोटं कशाला बोलू, मला वाटलं ते माझेच फोटो असतील. एवढे असतील की सांगायला तिला संकोच वाटत असेल. ही आशा मी बरेच दिवस उराशी धरली. रीसेट करून टाक असं मीही म्हणेना. शाळेतून आले की एखादा नंबर टाकून पाहायची. एकीकडे आईला त्या पोरीसाठी झुरताना पाहून संताप यायचा आणि दुसरीकडे वाटायचं, हे झुरणं थोडं तरी माझ्यासाठी असेल.

शेवटी आईच कंटाळली. नातीशी तिला माझ्या फोनवर बोलावं लागायचं. "किती दिवस तुझ्या फोनवर बोलू? तू बाजूलाच उभी असते," ती म्हणाली. "चलो, जाऊ दे. करून टाक ते रीसेट." आम्ही पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेलो. त्या मुलीनं आईला एकदा विचारून घेतलं, आईनं हो म्हटलं, आणि थोड्या वेळानं कोरा करकरीत फोन हातात आला.

संध्याकाळी धाकटीनं फोटोंचा पाऊस पाडला. टिंग टिंग थांबेचना. पाळण्यातली, रांगणारी, फ्रॉकमधली, शेंड्यांमधली, सगळी भाची परत आली. आई चष्मा लावून पाहत होती, पण चेहरा काही उजळला नाही.

"हिच्या गालावर काहीच नाही," ती म्हणाली.

"काय पाहिजे गालावर?"

"तीट."

मग तिनं सांगितलं. फोटोवर रंगीत रेघ काढायची पेन्सिल फोनमध्येच असते, ती वरच्या भाडेकरणीनं तिला शिकवली होती. पुण्याहून फोटो आला की आई आधी काळा रंग घ्यायची, पोरीच्या गालावर कानापुढं एक ठिपका द्यायची, आणि मगच तो फोटो डोळे भरून पाहायची. एकही फोटो सोडला नव्हता. मला दाखवायची तेव्हाही तो ठिपका असणारच, पण मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मला आठवलं, रोज सकाळी ती फोनवर वाकून एका बोटानं काहीतरी घासत बसायची. मला वाटायचं, काच पुसते. ते सगळे तीट लावलेले फोटो गेले होते आणि ही परत आलेली पोर उघड्या गालाची होती. म्हणून आई जेवत नव्हती.

मला राहवलं नाही. "अन् माझे? फाटकाजवळ तू माझे फोटो काढायची नं?"

"काढायची की," आई सहज म्हणाली. "तू शाळेत जाते तेव्हा. कोणती साडी नेसून गेली ते. तू येईपर्यंत घरात कोण असते? मग पाहत बसायची."

"त्यांना लावायची तीट?"

"तुला काहून? तुला कोण..." ती अर्ध्यावर थांबली.

माझे फोटो होते, रोजचे होते, आई ते दुपारभर पाहत बसायची, हे ऐकून मला किती आनंद व्हायला हवा होता! आणि आता ते कधीच दिसणार नाहीत म्हणून रडू यायला हवं होतं. यातलं काही झालं नाही. माझं मन त्या तिटीवरच अडकलं. एवढ्या वर्षांनी, डोकं पांढरं झाल्यावर, मी पुन्हा दप्तर घेऊन त्या काजळाच्या डबीसमोर उभी होते.

"मग कुलूप कशाला लावलं?" मी आवाज चढवला. "हळदीकुंकवाच्या बायका तर संक्रांतीला येतात अन् जातात. बाकीचे दिवस हा फोन पाहायला येतं तरी कोण?"

बोलून झालं आणि माझं मलाच उत्तर मिळालं. आई खाली मान घालून फोनची कड बोटानं चाचपत होती.

"तू पाहायची अन् मग आत जाऊन भांडे आपटायची," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवशी सकाळीही पाहिलं. म्हटलं, चांगलीच गब्दुल झाली हं. दृष्ट न लागो, असं काही म्हटलं नाही. अन् संध्याकाळी ताप आला."

"म्हणजे कुलूप माझ्यासाठी."

आई चष्मा काढून पदरानं पुसू लागली. तिनं नुसतं नाही म्हटलं असतं तरी मी मानलं असतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. हाताशी पातेलं होतं ते उचललं, आणि मग लक्षात आलं की बाहेर आई कान देऊन बसली असणार. ते मी हळूच ओट्यावर ठेवलं. तिथंच उभी राहून थोडी रडले. माझ्याच आईला माझ्या नजरेची भीती वाटत होती. आणि जळत होते हे खरंच असल्यामुळं भांडताही येत नव्हतं.

बाहेर आले तर आई एका फोटोवर तीट लावायचा प्रयत्न करत होती. बोट घसरलं. ठिपक्याची रेघ झाली आणि पोरीला मिशी फुटली. आईनं ती पुसायला बोट फिरवलं तर दुसरी फुटली. मला हसू आलं, आणि ते मला नको होतं.

आईनं फोन माझ्यापुढं धरला. "तूच लाव."

"मी?"

"हो, तूच. तू लावली म्हणजे मग मला काही भीती नाही."

मी शेजारी बसले आणि फोन हातात घेतला. संक्रांतीनंतर आईनं तो उघडलेला असा पहिल्यांदाच माझ्या हातात दिला होता. मिशा पुसल्या, काळा रंग घेतला आणि गालावर बोट टेकवलं. तीट जरा मोठीच पडली, अर्धा गाल भरला.

"एवढी मोठी?"

"पोरही तेवढीच गोरी आहे," मी म्हटलं.

आई हसली. मग मी एकेक फोटो घेत गेले. पाळण्यातल्या पोरीला, रांगणाऱ्या पोरीला, पहिल्या दिवशी शाळेत जाताना भोकाड पसरलेल्या पोरीला. मागं फोन ओढून घेणारं कुणी नव्हतं, त्यामुळं भाचीला मी नीट पाहत होते. हनुवटी थेट धाकटीची. जळणं कमी झालं असं नाही, ते होतंच, पण हात चालत राहिला. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

झोपायला जाण्याआधी मी विचारलं, "नवा नंबर टाकून देऊ का?"

"आता कशाला?" आई म्हणाली. "घरात आपण दोघीच तर आहो."

हल्ली शाळेत जाताना मी फाटकाशी जरा थांबते. साडीचा पदर ठीक करते, उगाच स्कूटरचा आरसा पुसते. खुर्चीतल्या आईकडे वळून पाहत नाही. पुण्याचा फोटो त्याच्या आधी, चहाच्या वेळेला येतो. आई फोन घेऊन स्वयंपाकघरात येते, स्क्रीनवर आडवा हात धरून. माझे डोळे तिकडे वळायच्या आत म्हणते, "आधी तीट लाव, मग पाहा." मी हात पुसते, काळा रंग घेते आणि आधी तीट लावते.